कंजूष थर

प्रयोगशाळेत तिला सगळे 'चिवट' म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. एका अणूइतक्या पातळ धातू-ऑक्साइडच्या थराचा कॉम्प्युटरवर अभ्यास करता करता तिच्या चष्म्याचा नंबर वाढला होता. प्रश्न एवढाच, की हा थर आपला ऑक्सिजन दुसऱ्याला देईल का? दिला तर विषारी वायू निरुपद्रवी करायला सोन्यासारखा. पण ऑक्सिजन सोडायला लागणाऱ्या ऊर्जेचा आकडा दरवेळी यायचा तो महाकंजुषाचा!

आज सगळ्यांच्या बैठकीत सर मोठं यंत्र, म्हणजे महासंगणक, एकाच थराला देणार होते. ते हातचं गेलं की चिवटचा प्रबंध बोंबलला. आणि समोर तिचा ज्युनियर, ज्याला सगळे 'फटाफट' म्हणत, आपला थर दाखवत होता, तो हसतहसत ऑक्सिजन सोडणारा.

"ताई, तुमचा थर म्हणजे अगदीच चिक्कू हो!" फटाफट म्हणाला.

चिवटच्या अंगाचा तिळपापड झाला. काहीतरी खोट काढायचीच म्हणून ती त्याचे आकडे बघू लागली. हिशेबात धरलेली मोकळ्या ऑक्सिजनची ऊर्जा शेवटच्या अंकापर्यंत तिच्यासारखीच होती. असणारच. सगळेच ती सामायिक फोल्डरमधून उचलत. फाइल कुणी केली, देव जाणे.

तिने ती उघडली आणि कपाळावर हात मारला. ऑक्सिजनच्या रेणूत दोन इलेक्ट्रॉन जोडी न करता एकेकटे राहतात. त्या महाभागाने त्यांचं जबरदस्तीने लग्न लावून दिलं होतं! त्यामुळे मोकळ्या ऑक्सिजनची ऊर्जा फुगली होती आणि तो सोडणं प्रत्येक थराला उगाच महाग पडत होतं.

एकच तर रेणू. सरांचा चहा संपायच्या आत तिने तो नव्याने मोजला.

"सर, थांबा!"

दोघांचेही आकडे खाली आले. तिचा थर हवा तेवढा उदार निघाला. फटाफटचा मात्र शून्याच्याही खाली गेला.

"अरे, तुझा थर इतका दानशूर आहे, की बनल्या बनल्या विस्कटेल!" चिवट ओरडलीच.

सर हसले नाहीत. ते भिंतीवर लावलेल्या प्रयोगशाळेच्या छापून आलेल्या लेखांकडे बघत होते.

"म्हणजे या सगळ्यांत..."

"तोच ऑक्सिजन, सर," ती म्हणाली.

सर भिंतीकडून तिच्याकडे वळले. मग म्हणाले, "यंत्र तुझ्याच थराला." चिवटला नाचावंसं वाटलं. "पण आधी हे सगळे लेख नव्याने मोजायचे, चुका छापून कळवायच्या. मग तुझा नंबर."

"बाप रे! एवढं कोण करणार, सर?" फटाफटने भोळ्या चेहऱ्याने विचारलं.

सगळ्यांनी एकदम चिवटकडे पाहिलं.