जित्या माणसाचं नाव

परभणी जिल्ह्यात द्राक्षाचं नाव काढलं की लोक आधी हसतात. इथं कापूस, सोयाबीन, तूर. द्राक्ष म्हणजे नाशिककरांचं काम. आमच्या काळ्या रानात पावसाळाभर पाणी तुंबतं आणि उन्हाळ्यात माणूस दुपारी चपलेशिवाय अंगणात उतरू शकत नाही. तरी माझ्या नवऱ्यानं, भागवतनं, पोखर्णीच्या अलीकडच्या आमच्या रानात दीड एकर द्राक्ष लावलं. तेवढ्यावर थांबेल तर तो भागवत कसला! त्याला स्वतःची नवी जात काढायची होती. हिरवी, लांब मण्याची, बिनबियाची, आणि आमचं ऊन सोसणारी.

डोकं त्याचं, पण हात माझे. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं यावरूनच घडलं.

द्राक्षाचं फूल मोहरीएवढं असतं. ते उमलायच्या आधी त्याची टोपी चिमट्यानं उचलायची, आतले केसर एकेक करून खुडायचे आणि मधल्या गाठीला धक्का लागू द्यायचा नाही. मग दुसऱ्या जातीचा पराग कुंचल्यानं लावून घडाला कागदी पिशवी बांधायची. बियाची जात आई, बिनबियाची बाप. भागवतचे हात थरथरतात, दहातली आठ फुलं तो मोडायचा. माझ्या हातून एक मोडत नसे. नऊ हिवाळे मी स्टुलावर बसून, मान वर करून हे काम केलं. त्या बिया पेरायच्या, रोपं वाढवायची, दोन-तीन वर्षं वाट बघायची, आणि मग फळ तोंडात टाकून थुंकायचं. कुणात बी, कुणाची साल जाड, कुणी चिंचेचा भाऊ. साडेतीनशेच्या वर रोपं आम्ही लावली आणि उपटली.

नवव्या वर्षी, शिवरात्रीच्या सुमाराला, एका वेलीचा मणी मी दाताखाली धरला तर तो कोवळ्या काकडीसारखा कटकन तुटला. गोड, आणि बी नाही. दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला. मग आमच्या नऊ वर्षांच्या ईश्वरीनं अख्खा घड एकटीनं संपवला आणि मी स्टुलावर बसून रडले.

नोंदणीच्या अर्जात जातीचं नाव लिहावं लागतं. द्राक्षवाल्यांची रीत अशी की घरातल्या माणसाचं नाव द्यायचं. कुणी बापाचं देतो, कुणी आजीचं. भागवतनं मला न विचारता लिहिलं, ‘शिवकन्या’. माझं. खोटं कशाला बोलू, मी हरखले. तोवर माझं नाव रेशनकार्डावर दुसऱ्या ओळीत होतं आणि गॅसच्या पुस्तकावर चुकीचं.

आमच्याकडं कामाला येणाऱ्या कडूमावशीला मात्र ते रुचलं नाही. मावशी सत्तरीची. तिच्या आधीची पाच भावंडं गेली, म्हणून आईबापानं तिचं नाव कडूबाई ठेवलं. कडू घास मरणही थुंकून टाकतं म्हणतात. नावांच्या बाबतीत ती कुणाचं ऐकत नसे.

“जित्या माणसाचं नाव देत न्हाईत, बाई,” ती म्हणाली. “आजा जिता हाय तवर नातवाला त्याचं नाव ठेवतेत का कुणी? एक नाव आन दोन जीव. वढाताण होती.”

“मावशी, ती वेल हाय. वेलीला कुठं जीव असतो?”

“मंग नऊ साल काय दगडाला पाणी घातलं का तुमी?”

मी हसण्यावारी नेलं.

पावसाळा सरता सरता चुडाव्याच्या सूर्यभाननं आणि पिंगळीच्या भुजंगनं आमच्याकडून काड्या नेल्या आणि आपापल्या रानात जंगली खुंटावर कलमं बांधली. दिवाळीपर्यंत दोन्हीकडची कलमं फुटली.

मार्गशीर्षातली दुपार. मी घरात तुरीची डाळ पाखडत बसले होते. एकाएकी माझे पाय ओले झाले. फरशी कोरडी, पाय कोरडे, पण बोटांच्या बेचक्यांतून गार पाणी घोट्यापर्यंत चढत होतं. पाय पदरानं पुसले. पुसायला काही नव्हतंच. तेवढ्यात भागवतचा फोन वाजला. सूर्यभान सांगत होता, “आत्ताच पाणी सोडलं बगा, कलमं लय झ्याक हायेत.”

योगायोग असेल म्हणत मी डाळ पाखडत राहिले.

मग तहान लागली. तीन दिवस लागली. तांब्यामागून तांब्या रिकामा केला, पोट डब्ब झालं, तरी जीभ टाळूला चिकटलेली. चौथ्या दिवशी सकाळी, का ते मला सांगता येणार नाही, मी भुजंगला फोन केला.

“भाऊजी, तुमची मोटार बंद हाय का?”

“व्हय वहिनी. जळली. तुमाला कुणी सांगितलं? मी तर गावात बी कुणाला बोललो न्हाई.”

“आधी दुरुस्त करून आणा.”

त्याच दुपारी मी पीठ मळत होते, आणि माझी तहान गेली. पाणी न पिता. मी पिठाचे हात तसेच धरून कितीतरी वेळ बसून राहिले. मला भीती वाटली, आणि तेवढीच, लाज वाटते सांगायला, मजाही वाटली.

भागवतला सांगितलं तर त्यानं पुरावा मागितला. तो पुराव्याशिवाय सासऱ्याचंही ऐकत नाही. दुसऱ्या दिवशी तो चुडाव्याला गेला. ठरलं असं की तो तिथं कलमांना काय करतो ते वेळेसकट लिहील, आणि मी इथं ओट्यावर बसून मला काय होतं ते लिहीन. कडूमावशी साक्षीला.

संध्याकाळी त्यानं दोन्ही कागद शेजारी ठेवले. त्याच्या कागदावर, अकरा दहा, एक शेंडा खुडला. माझ्या कागदावर, अकरा दहा, डाव्या करंगळीत कळ. त्याचं, अकरा पंचवीस, दुसरा शेंडा. माझं, अकरा पंचवीस, अनामिका. शेवटी मी लिहिलं होतं, पावणेबारा, गालावरून कुणीतरी हात फिरवला.

भागवतनं तो कागद परत परत वाचला.

“पावणेबाराला मी काही खुडलं न्हाई,” तो म्हणाला. “एक पान लय कवळं होतं. नुसता हात लावला.”

त्या दिवशी तो जेवला नाही.

पण माणूस कशालाही सरावतो. सूर्यभान आणि भुजंगला हे कळलं, आणि माझा दरबार भरू लागला. “वहिनी, पाणी द्यावं का?” “वहिनी, बुरी यायलीय का बगा.” पाठीला खाज सुटली की मी सांगायची, पानाखालून बघा, आणि तिथं बुरीची पांढरी बुरशी नुकती धरलेली असायची. दोघांच्या कलमांसारखी कलमं जिल्ह्यात नव्हती. नऊ वर्षं ज्या बाईला कुणी चहासुद्धा विचारला नव्हता, तिला लोक फोनवर नमस्कार घालत होते. मी सुखावले. कडूमावशी मात्र माझ्याकडं अशी बघायची, जशी बाळंतिणीच्या खोलीत उघड्या खिडकीकडं बघतात.

एप्रिलमध्ये खरड छाटणी आली. या छाटणीत वेलीच्या सगळ्या काड्या बुडख्यापर्यंत कापतात, आणि मग कापलेल्या टोकांतून दोन-तीन दिवस पाणी गळत राहतं. बागवान म्हणतात, वेल रडायलीय. भागवतनं मूळ वेल शेवटी कापली, माझ्याकडं बघत बघत, हळूहळू. दुखलं थोडं. पण तीन दिवस माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. दुःख नव्हतं. स्वयंपाक करताना, शेजारणीशी हसताना, ईश्वरीची वेणी घालताना पाणी आपलं वाहतच होतं, आणि खारट नव्हतं. मी चाखून पाहिलं.

त्यानंतर मी घरात कमी झाले. दुसरा शब्द मला सापडत नाही. भाकरी हातात जळायची आणि चटका उशिरा कळायचा. भागवत शेजारी बसून बोलायचा आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा. पण चुडाव्यात पहाटेचं दव पडलं की अंगावर काटा यायचा, पिंगळीच्या स्टेशनात गाडी शिरली की तळपायाला जमिनीची थरथर लागायची. नवी फूट जोर धरत होती, आणि जेवढी ती तिकडं वाढायची तेवढी मी इकडं आटायची.

श्रावणात एकदा ईश्वरी शाळेतून आली. तिला वक्तृत्वात पहिला नंबर मिळाला होता. ती धावत आली आणि तिनं मला कमरेला घट्ट मिठी मारली.

मला काही लागलं नाही.

तिचे हात दिसत होते. तिचं डोकं माझ्या पोटाशी दिसत होतं. पण ऊब नाही, भार नाही, काही नाही. त्याच क्षणी भुजंगच्या रानात एक मुंगी पानावरून चालत होती आणि तिचा एकेक पाय मला कळत होता. मी ईश्वरीला जोरात दाबलं, इतकं की ती “आई, दुखायलंय” म्हणून ओरडली. तरी नाही.

तेव्हा मी घाबरले. खरी घाबरले. आणि भागवतच्या वहीत काड्या मागणाऱ्या चाळीस शेतकऱ्यांची नावं लिहिलेली होती. दोन रानांनी ही गत, तर चाळीस रानांनी माझ्या लेकीसाठी काय उरणार होतं?

भागवत लगेच म्हणाला, “नाव बदलून टाकू. उद्याच अर्ज देतो. दुसरं काही बी ठेवू.”

शहाणी बाई हो म्हणाली असती. मी भडकले. “नऊ वर्षं चिमटा कुणाच्या हातात होता? मान कुणाची मोडली? त्या वेलीवर माझं नाव हाय, आन ते राहणार. ते काढायचं न्हाई!”

“मंग पोरगी?”

“दोन्ही पायजे मला.”

कडूमावशी दाराशी तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, “मंग तुजं नाव तिला सोडून दे, आन तू दुसरं घे. लग्नात घेतलंच होतंस की.”

खरंच. माहेरी मी कावेरी. लग्नात तांदळाच्या ताटात भागवतनं सोन्याच्या अंगठीनं शिवकन्या लिहिलं आणि मी शिवकन्या झाले. आमच्यात सगळ्याच पोरींचं होतं तसं. यात काय अवघड होतं? नाव वेलीवर राहील, लोक खातील, म्हणतील शिवकन्या गोड आहे, आणि मी कावेरी होऊन माझ्या लेकीला पोटाशी धरीन.

“पर इचार कर,” मावशी म्हणाली. “नाव बदललं तवा माहेरचं समदं सुटलं का न्हाई तुजं? नावासंगं नावाचं जातंय.”

म्हातारी माणसं असं काहीबाही बोलतातच.

सोमवारी सकाळी ईश्वरी शाळेत गेल्यावर आम्ही ताटात तांदूळ पसरले. भागवतनं अंगठीनं लिहिलं, कावेरी. त्याचा हात थरथरत होता, पण तो नेहमीच थरथरतो. मी हळदकुंकू वाहिलं, मावशीच्या तोंडात साखर घातली.

आणि सगळं परत आलं. तांदळाचा एकेक दाणा बोटांना लागला. चुलीची धग, चोळीची शिवण, खालच्या फरशीचा गारवा. चुडावा नाही, पिंगळी नाही. मी हसत सुटले. दिवसभर घरातली भांडीकुंडी उगाच हातात घेऊन बघितली.

दुपारी भागवत रानातून आला. मी पान वाढलं. तो खाली बघत जेवला आणि उठताना म्हणाला, “तुमी जेवलात का?”

अकरा वर्षांच्या संसारात त्यानं मला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. थट्टा असेल म्हणून मी त्याच्याकडं पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. परक्या बाईसमोर उभा राहतो तसा तो एका बाजूला उभा होता.

पाच वाजता मी फाटकाशी जाऊन थांबले. ईश्वरी दप्तर सावरत येताना दिसली. मी हात पसरले. ती पळत आली, माझ्या अगदी जवळ आली, आणि पाहुण्याला वाट द्यावी तशी बाजूनं वळून बागेत गेली. मी मागोमाग गेले. तिनं दप्तर खाली टाकलं, त्या मूळ वेलीच्या खोडाला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि गाल टेकवला.

“आई, आज गणितात दहापैकी दहा,” ती म्हणाली, आणि मग दिवसभराचं सगळं सांगत राहिली. कोण रुसलं, कुणाचा डबा सांडला, बाई कशा रागावल्या. मध्ये मध्ये थांबायची, ऐकल्यासारखी, आणि हसायची.

मी हाक मारली. ईश्वरीनं वळून पाहिलं. तिला चांगलं वळण आहे, मीच लावलंय. ती नीट उभी राहिली, फ्रॉक झटकला आणि विचारलं, “मावशी, तुमी आईकडं आलात का?”