आवरलेला पलंग

दुपारी तीनच्या सुमारास, तिकीट लावून लोकांना दाखवल्या जाणाऱ्या जुन्या हवेलीच्या वरच्या मजल्यावर, बाईसाहेबांच्या शयनगृहातला पलंग कोणीतरी आवरून ठेवल्याचं लक्षात आलं. चोरी झाली नव्हती. मोडतोडही, निदान पहिल्या नजरेला, दिसत नव्हती. चादर ताणून चारी कोपरे गादीखाली खोचले होते, उशा थोपटून फुगवल्या होत्या आणि वर रेशमी पलंगपोस अगदी सरळ घातला होता. तेवढ्यावरून खालच्या कचेरीतली माणसं धावत जिना चढून आली.

कारण पलंग चुरगळलेला असणं हेच त्या खोलीचं मोल होतं. शंभरेक वर्षांपूर्वी बाईसाहेब एका सकाळी अंथरुणातून उठल्या आणि घराबाहेर पडल्या, त्या परत आल्या नाहीत. कुठे गेल्या, का गेल्या, कोणालाच कळलं नाही. त्याच दिवशी कोणीतरी त्या खोलीचा फोटो काढला होता. दर हिवाळ्यात हवेली बंद ठेवून साफसफाई झाली की तो फोटो समोर धरून स्वयंसेवक मंडळातल्या बायका चादरीची सुरकुती न् सुरकुती पुन्हा बसवत. एकजण सांगे, "डावीकडची जरा वर," आणि दुसरी चिमटीत धरून ती वर घेई. या कामाला दोन दिवस लागत. गेली काही वर्षं फोटो धरून सांगणारी बाई म्हणजे चिमणीच्या होणाऱ्या सासूबाई.

सासूबाई दोरीपलीकडे पलंगाशी उभ्या होत्या. चिमणी दारात थबकली. तिची नजर उशांवर गेली. दोन्ही अभ्र्यांची उघडी तोंडं दाराच्या विरुद्ध बाजूला होती. मग तिने कोपरे पाहिले. पाकिटाच्या झाकणासारखी तिरपी घडी, खाली एक टोकही लोंबत नव्हतं.

अशा पलंगावर ती लहानाची मोठी झाली होती. अभ्र्याचं तोंड दारातून दिसलं की पाहुण्याला खोली ओशाळवाणी वाटते, असं तिची आई म्हणायची. त्यांच्या दोन खोल्यांत पाहुणा कधी फिरकत नसे, तरी नियम तो नियम.

"कोणी केलं हे?" कचेरीतल्या व्यवस्थापकाने विचारलं.

चिमणी दारातून एक पाऊल मागे सरली.

*

सकाळी सगळं ठीक होतं. लग्नाची बोलणी बैठकीच्या खोलीत अवघडून करण्यापेक्षा दोन्ही घरांनी एक दिवस मोकळ्या हवेत काढावा, ही कल्पना सासूबाईंची. सासरे गुडघ्यांमुळे आले नाहीत. चिमणी, तिची आई, सासूबाई आणि ज्याला आई भेटल्या दिवसापासून "नवरदेव" म्हणत होती तो, असे चौघे. नवरदेव पुलांची गणितं मांडायचा, आणि चिमणी ज्या इस्पितळात एक्स-रे काढायची तिथे मोडलेला अंगठा घेऊन आला होता. "पूल बांधणाऱ्याला दारात अंगठा चेमटवून घ्यायला बरा वेळ मिळाला," असं आई पहिल्याच भेटीत म्हणाली होती, आणि तो इतका हसला होता की चिमणीचा जीव भांड्यात पडला होता.

अडचण एकच होती, आणि ती चिमणीनेच करून ठेवली होती. सासूबाई कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. घरात पुस्तकं, भिंतींवर जुने नकाशे. पहिल्यांदा त्या घरी गेल्यावर त्यांनी सहज विचारलं, "आई काय करायच्या?" चिमणी म्हणाली, "हॉटेलात होती. व्यवस्थापनात." शब्द कुठून आला तिलाही कळलं नाही. मागे घ्यायची संधी नंतर पुष्कळदा आली, पण दर वेळी ती पुढच्या खेपेवर गेली. आईला तिने यातलं काही सांगितलं नव्हतं.

आईला ते कारंज्यापाशी कळलं.

"एवढं मोठं हॉटेल म्हणजे डोक्याला तापच असेल," सासूबाई तिच्या बरोबरीने चालत म्हणाल्या. "किती माणसं होती हो तुमच्या हाताखाली? चिमणी सांगत होती, तुम्ही व्यवस्थापनात होतात."

चिमणी दोन पावलं मागे होती. तिला आईचा चेहरा दिसत नव्हता, फक्त करड्या स्वेटरातली पाठ दिसत होती. ती पाठ क्षणभर थांबली.

"चौथा मजला माझ्याकडे होता," आई म्हणाली.

"अख्खा?"

"अख्खा. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"बाई गं," सासूबाई मनापासून म्हणाल्या. "मला तर एक घर सांभाळताना नाकी नऊ येतात."

खोटं एक अक्षर नव्हतं. आईने मागे वळूनही पाहिलं नाही. गुलाबांच्या ताटव्यांपाशी चिमणी तिच्या शेजारी आली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "नवे बूट चावताहेत गं. तुम्ही पुढे व्हा, मी जरा आत बसते."

"आई, ते मघाशी..."

"फुलं बघ. पैसे देऊन आलोय."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं चिमणीला वाटलं. ती नवरदेवाबरोबर कुंपणांच्या भूलभुलैयात शिरली. त्याच्या पुलाच्या कामावरची माणसं मागे सहलीला आली तेव्हा इथे कशी दोनदा हरवली ते तो सांगत होता आणि ती हसायच्या जागी हसत होती. मनात मात्र एकच घोळत होतं. आईने तिला सावरून घेतलं होतं, आणि तिने त्याबद्दल मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला होता.

बाईसाहेबांची खोली सासूबाईंनी मुद्दाम शेवटी ठेवली होती. "गोड पदार्थ शेवटी," त्या म्हणाल्या होत्या. वर जाईपर्यंत त्यांनी पलंगाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

*

"इथे कोण होतं बसायला?" व्यवस्थापकाने विचारलं.

खोलीवर राखणीला असलेली बाई पुढे झाली. पन्नाशीच्या पुढची, गळ्यात ओळखपत्र, हातात अजून पाण्याची बाटली. "मी होते. पाणी प्यायला गेले होते. सकाळपासून बदली आली नाही."

"बदली आली नाही तर जागा सोडायची नाही. हे किती वेळा सांगितलंय?"

"पाच मिनिटंसुद्धा झाली नाहीत."

"पाच मिनिटांत एवढं होतं? हे सराईत हाताचं काम आहे." व्यवस्थापक पलंगाभोवती फिरला. "तुम्ही आधी कुठे होतात? इस्पितळात ना, वॉर्डात?"

बाईच्या लक्षात आलं तो कुठे चाललाय ते. "मी कशाला करू हो? मला माहीत नाही का हा कसा ठेवायचा असतो?"

"कोणी आलं होतं का वर?"

तिची नजर दाराशी आली आणि चिमणीवर टेकली. सकाळी वर बसायला येण्याआधी हीच बाई फाटकाशी तिकिटं पाहायला उभी होती. कोण कोणाबरोबर आलं, तिला ठाऊक होतं. चिमणीने जमिनीवरच्या नक्षीकडे पाहिलं.

"मला माहीत नाही," बाई म्हणाली.

तेवढ्यात सासूबाईंनी पलंगपोसाची कड उचलून पाहिली आणि हळूच परत ठेवली. ताणलेल्या कडेशी रेशीम वीतभर फाटलं होतं. जुनं रेशीम ताण सोसत नाही. "हे आता शिवूनसुद्धा येणार नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. नवरदेव त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. व्यवस्थापकाने खोलीवरच्या बाईला सांगितलं, "सामान घेऊन खाली या."

बोलायचं तर हीच वेळ होती. चिमणीच्या जिभेवर शब्द आलेही होते. पण तिला दिसली ती पुढची पायरी. आईने केलं, का केलं, तिला सवय आहे, कसली सवय, आणि मग चौथा मजला. ती बाकीच्यांबरोबर जिना उतरली.

आई कारंज्याजवळच्या बाकावर बसली होती. एक बूट काढून टाच चोळत होती. तिच्या चेहऱ्यावर सकाळपेक्षा बरं वाटतंय असं काहीतरी होतं, काम उरकून बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं तसं.

"झाली का बघून खोली?" तिने विचारलं.

सासूबाई तिच्या शेजारी जवळजवळ कोसळल्याच. "काय सांगू विहीणबाई. कोणीतरी पलंग आवरून टाकला."

"मग?"

"मग काय? तो तसाच ठेवलेला असतो. चुरगळलेला. फोटोवरून. दोन दिवस लागतात आम्हाला त्या सुरकुत्या बसवायला. आणि वरचा रेशमी पलंगपोस फाटला." त्यांनी डोळे टिपले. "खोलीवरच्या बाईवर आळ आलाय. तिची नोकरी काही आता राहत नाही."

आईचा हात टाचेवरच थांबला. तिने सासूबाईंकडे पाहिलं, मग हवेलीच्या वरच्या खिडक्यांकडे, मग चिमणीकडे. चिमणीकडे ती बराच वेळ पाहत राहिली. वाट पाहत होती.

"तुम्ही आतच होतात ना," नवरदेवाने सहज विचारलं. "कोणी वर जाताना दिसलं का?"

"आई माझ्याबरोबर होती," चिमणी म्हणाली.

तो तिच्याकडे पाहू लागला. भूलभुलैयात ती त्याच्याबरोबर होती.

"म्हणजे, नंतर," चिमणी म्हणाली. "मी मध्ये येऊन गेले. आई इथेच होती. या बाकावर."

आईने बूट घातला. नाडी बांधली, सुटू नये म्हणून दुसरी गाठ मारली.

"दोन दिवस?" तिने सासूबाईंना विचारलं. "चुरगळायला?"

"हो ना."

"आमच्याकडे पाहुणे ते फुकटात करून द्यायचे."

सासूबाई हसायच्या बेतात होत्या. आईचा चेहरा पाहून थांबल्या.

"पलंग मी आवरला," आई म्हणाली. "चिमणी चुकतेय. मी इथे नव्हते. आत बसायला जागा शोधत होते तर मागचा नोकरांचा जिना दिसला. आयुष्यभर तसलेच जिने चढले, पाय आपोआप तिकडे वळले. वर दोरी नव्हती, पाटी नव्हती. असेल तर ती पुढच्या दाराशी असेल. ती बाई म्हणाली, सकाळपासून पाणी प्यायले नाही. मी म्हटलं, जा, मी आहे. ती गेली आणि मी पलंग पाहिला. म्हटलं, दुपार झाली, माणसं येताहेत, आणि हिच्या कामातला पलंग अजून तसाच. वरच्या साहेबांपैकी कोणी पाहिलं तर हिचं काही खरं नाही." तिने स्वेटर खाली ओढून सरळ केला. "चौथा मजला माझ्याकडे होता तो झाडायला, पुसायला आणि पलंग करायला. हाताखाली कोणी नव्हतं. एक ढकलगाडी होती."

सासूबाईंनी चिमणीकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, तिरस्कारही नव्हता. त्या काहीतरी जुळवून पाहत होत्या. चिमणीचे कान तापले. तिला वाटलं, यांनी निदान पलंगपोसाबद्दल तरी बोलावं.

"आई, आपण नंतर बोलू ना," ती म्हणाली. "आधी घरी..."

"नंतर तिचं सामान बांधून झालेलं असेल," आई म्हणाली. "कचेरी कुठेशी आहे?"

सासूबाई उठल्या. "चला, दाखवते." आणि चार पावलं गेल्यावर त्यांनी आईचा हात धरला. आधार द्यायला, की तिने मध्येच परत फिरू नये म्हणून, ते मागून कळत नव्हतं.

नवरदेव जागचा हलला नाही. "व्यवस्थापनात," तो म्हणाला. "अगं, मला सांगायचंस तरी."

"सांगणार होते."

"कधी?"

तो खाली मान घालून एकदा मोडलेल्या अंगठ्याकडे पाहत राहिला.

*

कचेरी स्वयंपाकघराच्या मागे होती. पूर्वी तिथे घरातले नोकर जेवत. बाहेरच्या अरुंद बोळात एक लाकडी बाक होतं आणि त्यावर खोलीवरची बाई बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर घडी घातलेला कोट. गळ्यातलं ओळखपत्र गेलं होतं.

चिमणीला पाहून ती जरा सरकली. बाकावर एका माणसापुरती जागा झाली.

"आत गेल्यात दोघी," ती म्हणाली. "तुमची आई ना ती?"

"हो," चिमणी म्हणाली.

"मघाशी वर ओळखलं मी तुम्हाला."

"माहीत आहे."

बाईने मान हलवली. चिमणी बसली नाही. दारातून आवाज येत होते, पण शब्द लागत नव्हते. आधी व्यवस्थापकाचा, मग बराच वेळ आईचा, सपाट, न थांबता. मध्येच सासूबाईंचा एक शब्द. चिमणीने दाराच्या मुठीवर हात ठेवला. पितळ गार होतं. आत गेल्यावर पहिलं वाक्य काय म्हणायचं, ते तिने मनात लावून पाहिलं. ते "माझी आई" या शब्दांनी सुरू होत होतं, त्यापुढे जात नव्हतं.

पाचला बाग बंद होण्याची घंटा झाली. माळी ताटव्यांमधून फिरत लोकांना फाटकाकडे वळवू लागला. नवरदेव गाडी आणायला गेला होता, अजून आला नव्हता. आतला आवाज थांबला. खोलीवरची बाई उठून उभी राहिली आणि तिने कोट हातावर घेतला.

दार अजून बंद होतं. चिमणीचा हात मुठीवर होता.