दुसरीला हाक

"पाणी गार आहे," मेट्रनबाई म्हणाल्या.

धांदलने टबात कोपर बुडवून पाहिलं. "गार नाही. मागे तीनदा आले तेव्हाही नव्हतं."

बाहेरच्या खोलीत मेट्रनबाईंच्या नवऱ्याची शवपेटी होती. दहा वाजता चर्चमध्ये दफनाची प्रार्थना. साडेआठ झाले होते आणि तीन दिवस मेट्रनबाई अंथरुणातून उठल्या नव्हत्या. नणंदेने पहिल्या दिवशी "अंग पुसून देऊ का?" असं विचारलं. त्या नको म्हणाल्या. मग नणंदेने बोलणंच टाकलं. टाकण्याआधी एवढंच म्हणाली, "दादा तुझ्या हट्टापायी गेला."

धांदल हे नाव मेट्रनबाईंनीच ठेवलेलं, बावीस वर्षांपूर्वी, शिकाऊ नर्सची घाई पाहून. त्यांच्या वॉर्डात एक नियम होता: रुग्णाला एकटीने उचलायचं नाही, दुसरीला हाक मारायची. धांदलने एकदा एका म्हातारीला एकटीनेच उचललं. म्हातारी पडली, खुबा मोडला. मेट्रनबाईंनी सगळ्यांसमोर धांदलचा बिल्ला काढून घेतला. "जिला हाक मारायची लाज वाटते, ती नर्स होत नाही," त्या म्हणाल्या होत्या. तेव्हापासून धांदल घरोघरी जाऊन आजाऱ्यांचं करते.

आठ महिन्यांपूर्वी मेट्रनबाईंचं उजवं अंग गेलं. नवरा सत्तरीचा, त्यात हृदयाचं दुखणं. त्याने धांदलला तीनदा बोलावलं आणि पाण्याचं निमित्त करून मेट्रनबाईंनी तिला तीनदा परत धाडलं. पास्टर समजवायला आले. "बाई, कृपा कमवावी लागत नाही. नुसती घ्यायची असते."

"मी जन्मभर कमवून खाल्लंय," त्या म्हणाल्या.

दर रविवारी देवाकडे क्षमा मागताना त्यांना कधी संकोच वाटला नाही. माणसाकडे पेलाभर पाणी मागणं मात्र जमत नव्हतं.

मग नवराच उचलायचा. एकटा. मंगळवारी सकाळी त्याने त्यांना खुर्चीतून पलंगावर ठेवलं आणि तो तिथेच खाली बसला. "जरा दम खातो," म्हणाला. त्या वरून त्याचं टक्कल पाहत राहिल्या. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा रेडिओ चालू होता. त्यांनी हाक मारली, पण फार उशिरा.

धांदलने फडका हाताला मोज्यासारखा गुंडाळला. एक डोळा नाकाकडून कानाकडे पुसला. दुसऱ्या डोळ्याला फडक्याचा दुसरा कोपरा.

"विसरली नाहीस."

"तुम्ही विसरू दिलंत कुठे?"

"मला माफ केलंस म्हणून आलीस?"

"नाही. ते अजून जमलेलं नाही. रोज मागते देवाकडे." तिने मानेखाली टॉवेल सरकवला. "रविवारी, जायच्या दोन दिवस आधी, काका चर्चबाहेर थांबले होते. म्हणाले, गुरुवारी ये. ती नको म्हणाली तरी जाऊ नकोस. आज गुरुवार आहे."

मेट्रनबाईंनी मान वर केली. धांदलने गळा पुसला.

कपडे चढवून झाले. धांदलने चाकांची खुर्ची पलंगाला लावली, ब्रेक दाबला आणि हात सोडून उभी राहिली.

"उचल ना."

"एकटीने नाही."

उघड्या दारातून नणंदेची पाठ दिसत होती. घड्याळात सव्वानऊ झाले होते.

"मी बोलावू त्यांना?" धांदलने विचारलं.

"नको."

टबातलं पाणी आता खरंच गार होत होतं.

"वन्सं," मेट्रनबाई म्हणाल्या. आवाज अर्धाच निघाला. पाठ हलली नाही. "वन्सं, जरा हात लावता?"

बाहेर खुर्ची सरकली. नणंद आत आली. वहिनीच्या तोंडाकडे न पाहता तिने बाह्या वर सारल्या.

"कुठे धरू?"

"काखेत. मी तीन म्हटलं की उचला."

दोघी वाकल्या.

"एक," मेट्रनबाई म्हणाल्या. "दोन."

तीन काही तोंडातून फुटेना. दोघींनी क्षणभर वाट पाहिली आणि त्यांना उचललं.