पंचांच्या टोपीतून

"वहिनी, काम ठेवा बाजूला. दादाने आज आपल्याला थेट मैदानात नेलंय," दीर म्हणाला आणि त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

पंचांच्या टोपीवर या खेपेला कॅमेरा बसवला होता. हे पंच म्हणजे वहिनींचा नवरा, आणि आजवर तो म्हणजे पडद्यावरचा एक पांढरा ठिपका. कौतुकाने बघायला जावं तर नेमकी जाहिरात लागायची. आज नवरा कुठेच दिसत नव्हता, पण सगळं त्याच्या डोळ्यांनी दिसत होतं. गोलंदाज डावीकडून धापा टाकत अंगावरून गेला तशी लेक चक्क सोफ्यावर मागे सरकली. समालोचक तर खूशच होते. पंच किती दक्ष आहेत, म्हणाले, प्रत्येक चेंडूला मान वळवून गोलंदाजाचा पाय बघतात.

"फार हलतंय बुवा, डोकं गरगरायला लागलं," दीर कुरकुरला.

बायको घड्या घालता घालता थांबली. चित्र हलत होतं ते फक्त डावीकडे. उजवीकडे कुणी कितीही धावो, ते जागचं हलत नव्हतं. डावीकडचं एवढंसं काही बघायचं तरी अख्खी मान वळत होती.

घरात दाराची डावी चौकट पंचांच्या खांद्याला लागायची, डाव्या हाताला ठेवलेला चहा लवंडायचा. ती त्यांना वेंधळे म्हणायची, सगळे हसायचे, पंचही हसायचे. लेक काहीतरी विचारत होती, ते तिला ऐकूच आलं नाही.

संध्याकाळी पंच आले ते हवेत तरंगतच. क्रिकेट संघटनेच्या सचिवांनी पाठ थोपटली होती, रविवारच्या अंतिम सामन्याला त्यांनाच उभं करणार होते. या एका सामन्यासाठी जन्म काढला होता त्यांनी. स्वयंपाकघराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "अगं, आहेस कुठे?"

ती त्यांच्या डावीकडे, हातभर अंतरावर उभी होती.

"डावा डोळा कधीपासून गेलाय?" तिने विचारलं.

पंच दचकले. मान वळवून त्यांनी तिला शोधलं आणि ते खुर्चीवर बसले.

"टीव्हीवर दिसलं?"

"मला दिसलं. बाकीचे मॅच बघत होते."

म्हणजे कुणाला कळलेलं नव्हतं. एवढा रविवार होऊन जाऊ दे, मग बघू, असं म्हणावंसं तिला फार वाटलं. शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात पंचच बोलले. आज एका चेंडूला पाय रेषेच्या आत होता की बाहेर, ते त्यांना दिसलंच नव्हतं. त्यांनी आत धरला होता, आणि त्याच चेंडूवर एक पोरगा बाद झाला होता.

ते उठले आणि त्यांनी सचिवांना फोन लावला. रविवारी दुसऱ्या कुणाला तरी उभं करा, म्हणाले. पलीकडे आधी चेष्टा वाटली असावी, मग तब्येतीची चौकशी झाली.

"नाही साहेब, तब्येत ठणठणीत आहे. मला डाव्या डोळ्याने दिसत नाही."

सचिवांनी पुन्हा विचारलं. पंचांनी पुन्हा तेच सांगितलं, आवाज न चढवता. सांगताना त्यांच्या मोकळ्या हाताचं एक बोट सवयीने वर गेलं होतं.