चार नंबरच्या इमारतीतलं रडणं

महागुरू दुआन भुतं हाकलायचा एक युआनही घेत नसत. चहा नाही, सिगारेट नाही, वाफवलेला पावसुद्धा नाही. सगळं हेइशीथान शहर याच गोष्टीनं भारावलं होतं आणि ग्वेइचेन मावशींना नेमकी हीच गोष्ट सलत होती. तीस वर्षं शहराच्या बॉयलरघरात काढलेल्या बाईला एवढं कळत होतं, की ऊब येतेय म्हणजे कुठेतरी, कुणाचा तरी कोळसा जळतोय.

जमिनीतलं तेल संपलं तसं शहरही संपलं. नव्वद हजार माणसं निघून गेली. पंचवीस इमारतींपैकी फक्त चार नंबरच्या इमारतीत एकवीस म्हातारी माणसं उरली होती. दुपारी तीनला ती सगळी अंगणात जमली, आणि नऊ वर्षं बंद पडलेले घराघरांतले गरम पाण्याचे हीटर रोजच्यासारखे पुन्हा रडू लागले. आधी लांबलचक हुंदका, मग ठक्, ठक्, ठक्.

"ऐकलंत?" महागुरूंनी बाही झटकली. "तेलविहिरीत जळून मेलेले कामगार! थंडीनं कुडकुडतायत बिचारे. आणि घरात शिरतात कुठून? तुमच्या खिडकीतल्या हवापेटीतून! पुन्हा सांगतो, माझा पिवळा कागद चिकटवा. केसाएवढी फट राहिली तर मला बोल लावू नका. तीन ते पाच दारं बंद. एकोणपन्नास दिवस! झेपत नसेल त्यानं आपल्या मुलांकडे नव्या शहरात जावं. सुखी राहाल!"

"आणि तुम्हाला काय मिळणार, गुरुजी?" मावशींनी विचारलं.

"पुण्य."

"ते किलोवर मोजतात की नगावर?"

दोघंतिघं फिसकन हसले. धाकट्या बहिणीनं, लानफांगनं, मावशींचा दंड धरला. "ताई, जीभ आवर. लुओ भाऊजींचं काय झालं, पाहिलंस ना?"

तिसऱ्या मजल्यावरचे लुओ चार दिवसांपूर्वी अंथरुणातच गेले होते. चेहरा नवरदेवासारखा गुलाबी. मेलेल्यांनी मानानं नेलं, असं महागुरूंनी सांगितलं आणि त्याच संध्याकाळी दोन कुटुंबांनी सामान बांधलं.

जिन्यात लानफांग हळूच म्हणाली, "काल आमचे हे आले होते. पायाशी बसले. डोकं ठणकत होतं माझं, पण आले गं. गेल्यावर अकरा वर्षांनी."

"आणि हवापेटी?"

"घट्ट बंद केलीय. बाकीच्यांना कशाला येऊ द्यायचं?"



दुसऱ्या दिवशी तीनला सगळी दारं बंद झाली. मावशींनी आपलं उघडलं. हातात फूटभर लांबीचा जुना स्क्रूड्रायव्हर होता. बॉयलरघरात त्यांचं कामच ते होतं: टोक नळावर टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची, आणि जमिनीखाली गळती कुठे आहे ते सांगायचं. सगळ्या शहराचे गरम पाण्याचे नळ एकाच जाळ्यात जोडलेले. एका टोकाला शिंक आली तर दुसऱ्या टोकाला कळावी असे.

जिन्याखालच्या नळाला त्यांनी कान लावला. हुंदका आला. पुढे गेला, मागे आला, दम खाऊन पुन्हा पुढे. भुताला दम लागतो?

सहा नंबरमध्ये हुंदका मोठा झाला. आठमध्ये त्याला दात फुटले. नऊ नंबरच्या दाराशी मात्र कान लावायची गरजच उरली नाही.

आत खुंटीला दोन पिवळे झगे लटकत होते. महागुरूंचे दोन शिष्य बनियनवर नळ कापत बसले होते. एकाच्या हातात करवत, दुसऱ्याच्या हातात हातोडा. भिंतीपाशी बिडाच्या हीटरांची चळत, मागच्या दाराला लावलेला ट्रक, आणि ट्रकच्या फळीवर पाय सोडून बसलेले दुआन.

"हात चालवा. चार नंबर रिकामी झाली की तिथलं बीडही आपलंच, थेट भंगारवाल्याकडे."

मावशी दाराआडून मागे सरकल्या. आवाजाचा उलगडा झाला होता. पण दिसणाऱ्या मेलेल्यांचं काय? लानफांग खोटं बोलणारी नव्हती. मग दिसलं कुणाला? लुओंना, लानफांगला, दुसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याला. चौघांनीही कागद लावलेला. मावशींना मात्र कुणीच दिसलं नव्हतं. त्यांनी हट्टानं कागद लावला नव्हता.

हवापेटी! कोळशाच्या शेगडीचा वायू बाहेर जावा म्हणून खिडकीच्या वरच्या काचेत बसवलेलं पत्र्याचं तोंड. बॉयलर बंद पडल्यावर घरोघरी शेगडी आली, आणि दर हिवाळ्याला ती पेटी बसवलेली आहे ना हे मावशीच बघत फिरायच्या. तो वायू अंगात भिनला की डोकं ठणकतं, भास होतात. आणि माणूस मेला की चेहरा गुलाबी होतो.

त्या पळत सुटल्या. सदुसष्ट वर्षांची बाई, पाच इमारती, चार मजले.

लानफांगचं दार आतून लावलेलं होतं. हाक मारली, उत्तर नाही. कडीच्या फटीत स्क्रूड्रायव्हर घालून त्यांनी दार उचकटलं, श्वास रोखला आणि खिडकीची काच फोडली. गालांवर लाली चढलेली लानफांग शेगडीजवळ कलंडली होती. मावशींनी तिला काखेत धरून सज्जात ओढलं, गालावर थापट्या मारल्या. एक. दोन. दहा. मग खोकला आला.

"का उघडलंस, ताई?" ती रडायला लागली. "ते आत्ताच बसले होते."

"ते नव्हते गं. शेगडी होती."

मावशींच्या फोनवर पोलीस आले आणि तिघांना ट्रकसकट धरलं. संध्याकाळी जिन्याखाली मावशींनी प्रत्येकाच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला, नळावर कान ठेवायला लावला आणि जप्त केलेली करवत स्वतः नऊ नंबरमध्ये जाऊन चालवली. चार नंबरमधलं भूत आज्ञाधारकपणे रडलं. परत येऊन त्या एवढंच म्हणाल्या, "भीती वाटली तर आधी खिडकी उघडा. डोकं शुद्धीवर आलं की विचारा, आवाज येतो कुठून आणि आपण घाबरल्यावर कुणाचं भलं होतं. उत्तर मिळाल्याशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून फट बुजवू नका."

दुआन आणि शिष्य तुरुंगात गेले, ट्रक सरकारजमा झाला. मावशींची बहीण वाचली, पण महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. तिचा नवरा दुसऱ्यांदा गेला होता. लुओंनी किंमत जिवानं मोजली.

कागद मात्र प्रत्येकाला फुकट मिळाला होता.