आर्विडची लाल टोपी

उत्तर मिनेसोटातल्या आमच्या गावात नोव्हेंबरपासून कुणाचं तोंड दिसत नाही. कोट सगळ्यांचे तपकिरी, कारण दुकान एकच. मफलर नाकाच्या वर. तेव्हा माणूस ओळखायचा तो टोपीवरून. शेजारच्या आर्विडची टोपी लाल होती. सोळा वर्षं तो म्हणजे ती टोपी, आणि खाली जे काही चालत येई ते.

त्या वर्षी त्याची मुलगी कर्स्टन शहरातून चार दिवस राहायला आली आणि तिनं बापाचं कपाट उघडलं. त्याची बायको वारल्यापासून तीन वर्षं ते कपाट फक्त आर्विडच उघडत होता, आणि तोही अंधारात. नवा धागा विकत घ्यायचा नाही, आहे त्यातूनच नवे रंग जुळवायचे, असा तिचा पण. पलंगावर सगळे कपडे मांडून ती त्यांच्या सोयरिकी जमवू लागली. हळदी टोपीला वांगी मफलर. शेवाळी स्वेटरला आतून फिकट गुलाबी सदरा. तो सदरा धुण्यात चुकून गुलाबी झाला होता, पण कर्स्टन म्हणाली, तसं सांगायचं नाही.

"आणि ही लाल?" आर्विडनं विचारलं.

"बाबा, तपकिरीवर ती भांडते."

"सोळा वर्षं कधी आवाज आला नाही मला."

लाल टोपी चर्चला द्यायच्या खोक्यात गेली. खोकं पोचवायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या टोपीचा एक कान उंदरांनी खाल्ला होता, म्हणून चर्चच्या वतीनं मीच लाल टोपीचा स्वीकार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी कॉफीला निघालो. कोपऱ्यावरच्या घरात मार्लिस राहते. नवरा गेल्यावर ती सात वर्षांपूर्वी इथं आली. सात वर्षांत तिनं मला पाहून बोटसुद्धा हलवलं नव्हतं. त्या दिवशी खिडकीतून तिनं चक्क हात हलवला. मीही हलवला, न हलवणं बरं दिसत नाही. तिसऱ्या दिवशी तिनं कॉफीचा कप उंचावला. मी थोडं पोट आत घेऊन चालू लागलो.

"हल्ली कॉफीला जाताना दाढी करतोस," माझी बायको लव्हॉन म्हणाली.

"थंडीत कातडी फुटते, म्हणून."

"दाढी केल्यावर जास्त फुटते," एवढंच बोलून ती मोजे विणू लागली.

इकडे आर्विड मात्र सुकत चालला. रंग त्याला शोभत होते, कॅफेतली वाढणारीही तसं म्हणाली. पण तो कॉफीत चमचा फिरवत बसे आणि साखर घालायची विसरे.

"काय झालं?" मी विचारलं.

त्यानं चमचा बशीत ठेवला. "मार्लिस हात करायची रोज. तीन वर्षं. या सोमवारपासून बंद."

"तीन वर्षांत बोललास काय तिच्याशी?"

"घाई कशाला करायची?" मग खालच्या आवाजात म्हणाला, "रॉय, दिवसभरात मला हात करणारं तेवढं एकच माणूस होतं."

मी हातातला पाव खाली ठेवला. मी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. कपाचं सांगितलं नाही.

"घे, घाल परत," मी म्हणालो.

"कर्स्टनला रोज फोटो पाठवावा लागतो. आज संध्याकाळी शेवाळी आहे." त्यानं टोपी माझ्याकडे सरकवली. "उद्या दोघं मिळून जाऊ. तिला हात कुणाला करायचाय ते एकदा कळू दे."

दुसऱ्या दिवशी उणे वीस होतं. मी लाल टोपीत, तो हळदी टोपीत, असे आम्ही खांद्याला खांदा लावून निघालो. मार्लिस खिडकीत होती. तिनं हात केला. कुणाला, यात शंकेला जागा नव्हती. वर कपही उंचावला.

"कपसुद्धा?" आर्विड म्हणाला.

मी बुटांकडे पाहिलं. मान वर केली तेव्हा हा गृहस्थ बर्फ तुडवत तिच्या दारापर्यंत पोचला होता. दार उघडलं.

"कोण?"

"आर्विड."

"आर्विड कोण?"

"तू तीन वर्षं हात करतेस तो."

मार्लिसनं खिशातून चष्मा काढला. "मी लालला हात करते. लांबचं मला दिसतं कुठं? लाल काही हललं की करते. गेल्या आठवड्यात बर्फ उपसायच्या गाडीलाही केला, तिनं भोंगा वाजवला."

आर्विड एवढासा झाला. हळदी टोपी हातात घेऊन तो परत फिरणार, इतक्यात तिनं चष्मा लावून त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हे रंग कुणी जुळवले?"

"मुलीनं. सगळं जुनंच आहे."

"जुनं दिसतंच आहे. आणि कॉलर गुलाबी. आतला सदरा धुण्यात बिघडला ना?"

आर्विड रस्त्याकडे बघू लागला. "हो," तो म्हणाला.

"माझे चार तसेच झालेत. बूट दारातच काढ, फरशी आत्ता पुसलीय."

बुटांच्या नाड्या गोठलेल्या होत्या. त्या सोडायला त्याला पाच मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ ती दार उघडं धरून उभी राहिली, उणे विसात. आमच्या गावात लोक आजारी माणसासाठीही दार एवढा वेळ उघडं ठेवत नाहीत. मी हात केला. कुणी पाहिलं नाही. मग मी एकटाच कॉफीला गेलो.