चंद्रीचा वंश

दशरथ धनगराच्या घरात जन्मला, पण उभा जन्म रेल्वेच्या नोकरीत गेला. जयपूरला निवृत्त झाल्यावर त्याने सांगलीला परत न जाता तिथल्याच प्रताप नगरच्या पलीकडे जमिनीचा तुकडा घेतला आणि मेंढरं पाळली. बहुतेक सगळी चंद्री नावाच्या मेंढीच्या वंशातली. तिच्यासारखी दांडगी कोकरं तो ठेवून घेई, बाकीची विकून टाकी.

यंदा चंद्रीची एक लेक कुंपणाच्या दगडाला अंग घासू लागली. लोकर गेली, कातडी सोलवटली, तरी थांबेना. खरूज समजून दशरथने औषध चोळलं. मग तिचे मागचे पाय लटपटू लागले. ती मेली, तोवर दुसरी घासायला लागली होती.

त्याची लेक गौतमी जनावरांची डॉक्टर. तिने मेलेल्या मेंढीचा मेंदू तपासायला पाठवला, कळपाचं रक्तही घेतलं. उत्तर आलं तशी ती बाजेवर बापाशेजारी येऊन बसली.

"आबा, स्क्रेपी आहे. औषध नाही."

"जंतू असंल. चुना मारू की."

"जंतू नाहीये. मतलब, अंगातलंच एक प्रथिन वेडंवाकडं दुमडतं आणि बाकीच्यांनाही तसंच करतं. मेंदूची चाळण होते. मातीत पडलं की वर्षानुवर्षं तिथंच राहतं."

"मग समद्यास्नी का न्हाई झालं?"

"व्हायचंय अजून. कुणाला धरणार ते रक्तात ठरतं. तुम्ही मेंढाही घरचाच ठेवलात, त्यामुळे चंद्रीचा दोष पिलांत आई-बाप दोघांकडून उतरला."

दशरथ खाली बघत राहिला. "चांगली म्हून निवडली गं मी."

"माहितीये, आबा. वरून कुठं दिसतं ते?"

चंद्रीचा सगळा वंश मारावा लागणार होता. वाचणार होती एकटी काळी, बाजारातून आणलेली मेंढी. तिचं रक्त वेगळं निघालं.

सरकारी माणसं सुया घेऊन आली, त्या दिवशी दशरथने कुणाला मेंढरांना हात लावू दिला नाही. एकेकीला त्यानेच धरलं, मान मांडीवर घेतली. शेवटी मेलेली मेंढरं भरून गाडी निघून गेली.

"रक्त तपासूनच दुसऱ्या आणू," गौतमी म्हणाली.

"ह्याच मातीत? आन् वाढवायचं कुनी, माझ्या ह्या वयात?"



काळी चाऱ्याला तोंड लावेना. नुसती ओरडत फिरे. न राहवून एका सकाळी दशरथने कळपाला घालतात तशी हाळी घातली. काळीने कान टवकारले, धावत फाटकाशी गेली. बराच वेळ रस्त्याकडे बघत उभी राहिली. मग तिथेच पाय दुमडून बसली, ती दशरथने ओढूनही उठेना.